स्कोडा विकली तेव्हा: १९९१ चं डील आणि त्याचे पुढचे तीस वर्षांचे हिशेब

परकीय गुंतवणूक म्हटलं की आपल्याकडे दोनच पार्ट्या असतात, एक म्हणते देश विकला आणि दुसरी म्हणते देश वाचला. कम्युनिझममधून बाहेर पडलेल्या देशांबद्दल तर हे जास्तच, कारण तिथे खरोखरच सगळं विकायला काढलं होतं. मी इथे एकच प्रकरण घेतोय, झेकोस्लोव्हाकियातली स्कोडा ही मोटार कंपनी आणि जर्मनीची फोक्सवॅगन. हे उदाहरण मॅनेजमेंटच्या वर्गात नेहमी ‘यशस्वी खासगीकरण’ म्हणून शिकवतात, आणि यश खरंच आहे, पण ते ज्या कारणासाठी सांगतात त्या कारणामुळे आलं असं मला वाटत नाही. सांगतात की सरकारने करार चांगला केला म्हणून. करार चांगला होता हे मान्य, पण तो अडीच वर्षांत मोडला होता. मग तरी कंपनी उभी कशी राहिली, हा खरा बघण्यासारखा भाग आहे.

आधी कंपनी काय होती ते बघू. प्रागच्या ईशान्येला म्लादा बोलेस्लाव नावाचं गाव आहे, तिथे १८९५ मध्ये लॉरिन आणि क्लेमेंट या दोघांनी सायकली बनवायला सुरुवात केली, मग मोटारसायकली, १९०५ मध्ये पहिली गाडी. १९२५ मध्ये ही कंपनी प्लझेनच्या प्रचंड मोठ्या स्कोडा कारखान्यात विलीन झाली, तोफा, टर्बाइन, रेल्वे इंजिनं असं सगळं बनवणारा कारखाना, आणि नाव स्कोडा झालं. म्हणजे कम्युनिस्ट आले तेव्हा यांच्याकडे गाड्या बनवायचा चाळीस वर्षांचा अनुभव होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. पोलंड किंवा रशियात गाड्यांचे कारखाने बरेचसे पश्चिमेकडच्या लायसन्सवर उभे राहिले, फियाटचं डिझाइन आणून. स्कोडाची गाडी कशीही असली तरी स्वतःची होती.

१९४५ नंतर राष्ट्रीयीकरण झालं, मोटारींचा कारखाना प्लझेनपासून तोडून वेगळा सरकारी उद्योग केला, आणि मग तेच झालं जे नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेत होतं. इंजिनिअर चांगले, पैसे नाहीत, मॉडेल बदलायला दहा-बारा वर्षं. जग पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांकडे गेलं तरी हे मागे इंजिन असलेली १०५ आणि १२० बनवत राहिले. गिऱ्हाईक मात्र हमखास, आपल्याकडे बजाज चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे तसंच तिकडे गाडीसाठी थांबायचे. कारखान्यात माणसं कमी पडायची म्हणून तुरुंगातले कैदीही कामाला लावलेले असायचे, आणि १९९० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल यांनी हजारो कैद्यांना माफी देऊन सोडलं तेव्हा लोकशाहीचा आनंद एका बाजूला आणि असेंब्ली लाइनवर माणसं गायब अशी गंमत झाली.

१९८७ मध्ये त्यांनी फेव्हरिट आणली. इटलीच्या बर्टोनेचं डिझाइन, इंजिन पुढे, पुढच्या चाकांवर चालणारी. पूर्व युरोपच्या हिशोबाने ही गाडी खरंच बरी होती. पश्चिमेत मात्र स्कोडाची टर उडवायची फॅशन होती, इंग्लंडमध्ये तर असंख्य जोक, की स्कोडाची किंमत दुप्पट कशी करायची, तर टाकी पेट्रोलने भरा. 

तर नोव्हेंबर १९८९ मध्ये राजवट पडली तेव्हा चित्र असं होतं की वर्षाला पावणेदोन लाखाच्या आसपास गाड्या, वीस हजाराच्या आसपास कामगार, एक बऱ्यापैकी नवीन मॉडेल, आणि पुढचं मॉडेल करायला दमडी नाही. त्यात जानेवारी १९९१ पासून सरकारने किमती मोकळ्या सोडल्या, त्या एका वर्षात महागाई ५७ टक्क्यांच्या आसपास गेली, सोव्हिएत गटाचा व्यापार कोसळला, आणि लोकांना सेकंड हँड जर्मन गाड्या आणता यायला लागल्या. एकट्याने तगणं शक्य नव्हतं यावर जवळजवळ सगळ्यांचं एकमत होतं. भांडण होतं ते विकायचं कसं यावर.

दोन मतं आणि दोन रस्ते

इथे प्रागमधली राजकारणाची बाजू समजून घ्यावी लागते. तेव्हा देश एकच होता, पण आत झेक आणि स्लोव्हाक अशी दोन वेगळी प्रजासत्ताक सरकारं होती आणि वर संघराज्याचं सरकार. संघराज्याचे अर्थमंत्री वात्स्लाव क्लाउस. त्यांचा आग्रह कूपन पद्धतीचा, म्हणजे प्रत्येक प्रौढ नागरिकाने हजार कोरुना आणि वर थोडी फी भरायची, त्याला पॉइंट्सचं पुस्तक मिळणार, आणि त्या पॉइंट्सवर तो सरकारी कंपन्यांचे शेअर घेणार. झटपट, सगळ्यांना समान, आणि मालक झेकच राहणार. दुसरीकडे झेक सरकारात उद्योगमंत्री होते यान व्हर्बा, यांचं म्हणणं की कागद वाटून मालक तयार होतो, पण पैसा, तंत्रज्ञान आणि बाजार येत नाही, म्हणून निदान मोठ्या कारखान्यांना परदेशी भागीदार शोधा आणि एकेकाशी बसून घासाघीस करा.

स्कोडा ऑटो व्हर्बांच्या रस्त्याने गेली. हे वाटतं तितकं सोपं नव्हतं, कारण शेवटच्या फेरीत जे दोन राहिले त्यातला एक जर्मन होता. १९३८ मध्ये म्युनिकच्या करारात हिटलरच्या जर्मनीने झेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडला, पुढच्या वर्षी जर्मन फौजा प्रागमध्ये, आणि युद्धात स्कोडाचे कारखाने हिटलरचा सहकारी हर्मन गोरिंग याच्या नावाच्या उद्योगसमूहाला जोडलेले. ते आठवणारी माणसं १९९० मध्ये साठी-सत्तरीची होती, मेलेली नव्हती. ‘पुन्हा जर्मनांच्या हातात’ हे वाक्य कुणीही म्हणू शकत होतं आणि म्हणतही होते.

दुसरा दावेदार फ्रान्सची रेनॉ, स्वीडनच्या व्हॉल्व्होसोबत. रेनॉच्या प्रस्तावाचा गाभा असा होता की फेव्हरिट हळूहळू बंद करायची आणि बोलेस्लावमध्ये रेनॉची मॉडेल्स बनवायची. फोक्सवॅगनने सांगितलं की स्कोडा हा ब्रँड राहील, ग्रुपमधला चौथा ब्रँड म्हणून, फोक्सवॅगन, आउडी आणि सेआतच्या जोडीला, आणि गाड्या डिझाइन करायचं कामही तिथेच राहील. त्यांच्याकडे दाखवायला उदाहरण होतं, १९८६ मध्ये त्यांनी स्पेनची सेआत घेतली होती आणि नाव पुसलं नव्हतं. कामगार आणि कारखान्याचे इंजिनिअर साहजिकच फोक्सवॅगनच्या बाजूला झुकले. मला वाटतं इथेच निकाल लागला होता, रक्कम नंतर आली. ज्या माणसाने फेव्हरिटसाठी पाच वर्षं घातली त्याला तुम्ही सांगताय की उद्यापासून दुसऱ्याच्या गाडीचे बोल्ट आवळ, तो कशाला तुमच्या बाजूने उभा राहील.

डिसेंबर १९९० मध्ये झेक सरकारने फोक्सवॅगनची निवड केली, मार्च १९९१ मध्ये करारावर सह्या झाल्या, आणि १६ एप्रिल १९९१ ला नवी संयुक्त कंपनी सुरू झाली.

कराराचे मुद्दे

सुरुवातीला फोक्सवॅगनकडे सुमारे ३० टक्के शेअर, त्यासाठी ६२० दशलक्ष जर्मन मार्क, मग टप्प्याटप्प्याने १९९५ पर्यंत ७० टक्के. हे पैसे मुख्यतः कंपनीत भांडवल वाढवण्यासाठी आले, सरकारी तिजोरीत टाकून अर्थसंकल्पाची भोकं बुजवायला नाही. मॅनेजमेंट मात्र पहिल्या दिवसापासून जर्मनांकडे, शेअर ३० टक्के असले तरी. शिवाय दशक संपेपर्यंत साडेनऊ अब्ज मार्कांच्या आसपास गुंतवणूक करायचं आश्वासन, ज्यात नवीन इंजिनाचा कारखानाही होता.

आता दुसरी बाजू, जी यशोगाथेत एका ओळीत उरकतात. जुन्या सरकारी कंपनीची कर्जं राज्याने स्वतःच्या डोक्यावर घेतली. सुरुवातीची करमाफी दिली. आणि आयात गाड्यांवर १९ टक्के सीमाशुल्क लावलं. हे शेवटचं जरा थांबून बघा. जे सरकार सकाळी मुक्त बाजारपेठेवर भाषण देत होतं तेच दुपारी एका कंपनीसाठी भिंत बांधत होतं, आणि ती भिंत आता कुणासाठी होती तर देशातल्या सगळ्यात मोठ्या परदेशी गुंतवणूकदारासाठी. झेक ग्राहकाने या डीलचा एक हिस्सा गाडीच्या किमतीतून भरला. मी याला चूक म्हणत नाही, त्याशिवाय पहिली तीन वर्षं निघाली नसती बहुतेक, पण बाजाराने आपोआप वाचवलं असं जे सांगतात त्यांनी हा १९ टक्क्यांचा आकडा सांगायला विसरू नये.

कारखान्यात सुरुवातीला फोक्सवॅगनने जे केलं ते मात्र खरंच शिकण्यासारखं आहे. त्यांनी टँडम नावाची पद्धत आणली, म्हणजे महत्त्वाच्या प्रत्येक जागेवर एक बाहेरून आलेला मॅनेजर आणि त्याच्या जोडीला एक झेक, दोघांची जबाबदारी एकच, आणि काही वर्षांनी बाहेरचा निघून जाणार. ऐकायला छान. प्रत्यक्षात जर्मन माणसाचा पगार शेजारच्या टेबलावरच्या झेक माणसाच्या कित्येक पट, भाषेची अडचण, आणि चाळीस वर्षं ‘प्लॅनचा आकडा पूर्ण झाला का’ एवढंच विचारलं गेलेल्या माणसाला अचानक ‘तुझं मत काय’ विचारल्यावर होणारी पंचाईत. कुरबुरी भरपूर झाल्या. पण दहा वर्षांत बरेच परदेशी परत गेले आणि त्यांच्या खुर्चीत झेक बसले हेही खरं, १९९७ ला कंपनीचे प्रमुख झालेले व्रातिस्लाव कुल्हानेक झेकच होते.

फेव्हरिट बंद केली नाही, तिच्यातच शेकडो बारीक सुधारणा केल्या, वेल्डिंग, रंग, दरवाजाचं सील, असलं सगळं. आणि सप्लायरना पकडलं. हा भाग मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. स्कोडाचे जुने सप्लायर झेक आणि स्लोव्हाक होते, क्वालिटी वाईट, पण किमती भयंकर स्वस्त, कारण तेव्हा तिथली मजुरी जर्मनीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. फोक्सवॅगनने सरळ सगळे बदलून जर्मनीतून पार्ट आणले असते तर गाडीची किंमतच परवडली नसती. म्हणून त्यांनी आपल्या जर्मन आणि इतर पाश्चात्त्य सप्लायरना सांगितलं की इकडे या, इथल्या कंपन्यांशी भागीदारी करा किंवा शेजारी प्लँट टाका. एका गुंतवणुकीच्या मागे डझनावारी छोट्या गुंतवणुका आल्या त्या अशा. त्यातले काही झेक सप्लायर नंतर पूर्णपणे परदेशी मालकीचे झाले, काही बंद पडले, आणि जे टिकले ते पुढे फक्त स्कोडाला नाही तर अख्ख्या जर्मन उद्योगाला माल द्यायला लागले.

सप्टेंबर १९९३

आता मोडलेल्या कराराचं. १९९३ च्या जानेवारीत फोक्सवॅगनची सूत्रं फर्डिनांड पिएख यांच्याकडे आली आणि कंपनीची अवस्था भीषण होती, युरोपात मंदी, सेआतमध्ये प्रचंड खड्डा, त्या वर्षी ग्रुपला जवळपास दोन अब्ज मार्कांचा तोटा झाला. वोल्फ्सबर्गमध्ये, म्हणजे फोक्सवॅगनच्या मुख्यालयाच्या गावी, कामगारांना घरी बसवायला नको म्हणून त्याच वर्षाअखेर चार दिवसांच्या आठवड्याचा समझोता झाला, तोही पगार कापून.

अशात स्कोडासाठी १.४ अब्ज मार्कांचं मोठं कर्ज तयार होतं. जागतिक बँकेची शाखा असलेली आयएफसी आणि पूर्व युरोपसाठी नुकतीच उभारलेली ईबीआरडी ही बँक यांच्या पुढाकाराने बँकांचा समूह बांधला होता, महिनोन्महिने वाटाघाटी झाल्या होत्या. सप्टेंबरमध्ये सही करायची वेळ आली आणि फोक्सवॅगनने अगदी ऐन वेळेला सांगितलं की आम्हाला हे कर्ज नको. त्याचा अर्थ बँकर लोकांना लगेच कळला, की खर्चच करायचा नाहीये. गुंतवणुकीचा आराखडा निम्म्याहून खाली आला, इंजिनाचा कारखाना बाजूला पडला, उत्पादनाचं टार्गेट कापलं.

प्रागमध्ये संताप झाला. पण करणार काय? हे बघा, जानेवारी १९९३ मध्ये देशाचे दोन तुकडे झाले होते, सही करणारं सरकार गेलं होतं, व्हर्बा पदावर नव्हते, आणि पंतप्रधान होते क्लाउस, ज्यांना हा रस्ताच मुळात फारसा पसंत नव्हता. करारात आश्वासनं होती पण ती मोडली तर काय होईल याचे दात फारसे नव्हते. कोर्टात जावं तर कंपनी चालवणारे तेच. त्यांना हाकलावं तर कुणाला आणणार, रेनॉला? आणि गुंतवणुकीसाठी जगभर हिंडणाऱ्या नव्या देशाने आपल्या सगळ्यात गाजलेल्या गुंतवणूकदारावर केस टाकायची, त्याची बातमी कशी झाली असती. शेवटी पुन्हा वाटाघाटी झाल्या, डिसेंबर १९९४ मध्ये कमी आकड्यांचा सुधारित करार झाला, फोक्सवॅगनचा हिस्सा आधी ६० च्या वर आणि १९९५ अखेर ७० टक्क्यांवर गेला. म्हणजे आश्वासन कमी झालं पण मालकी ठरल्याप्रमाणेच गेली! सरकारच्या बाजूने बघितलं तर हा पराभवच होता, कितीही सभ्य शब्दांत सांगा.

आणि तरीही १९९४ मध्ये फेलिशिया आली, फेव्हरिटवरूनच केलेली पण एकदम वेगळ्या दर्जाची. १९९६ मध्ये ऑक्टाव्हिया. ही ऑक्टाव्हिया ज्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, होती तो चौथ्या पिढीच्या गोल्फचा, आणि ती गोल्फ स्वतः बाजारात आली १९९७ मध्ये. म्हणजे ग्रुपचा सगळ्यात नवीन प्लॅटफॉर्म झेक लोकांच्या गाडीत फोक्सवॅगनच्या स्वतःच्या लाडक्या गाडीच्या आधी दिसला. ऑक्टाव्हियासाठी बोलेस्लावमध्ये नवीन प्लँट बांधला, तिथे सप्लायरची माणसं कारखान्याच्या छताखालीच बसून सीट वगैरे मॉड्यूल जोडून थेट लाइनला द्यायची, तेव्हा हा प्रयोग युरोपात नवा होता. मग १९९९ मध्ये फाबिया.

करार कमजोर पडला तरी हे का झालं? माझं म्हणणं असं की पिएखना खर्च कापायचा होता, पण खर्च कापायला जे हवं होतं ते बोलेस्लावमध्येच सापडलं. एका प्लॅटफॉर्मवर चार ब्रँडच्या गाड्या काढायच्या हे त्यांचं गणित, आणि त्या गणितात अशी एक टीम फुकटात मिळाल्यासारखी होती जिला पूर्ण गाडी बनवता येते, ड्रॉइंगपासून टेस्टिंगपर्यंत, आणि जिचा पगार जर्मनीच्या काही टक्के. ही टीम फोक्सवॅगनने तयार केली नव्हती. ती लॉरिन-क्लेमेंटपासून चालत आलेली, कम्युनिस्टांच्या काळात उपाशी ठेवलेली पण मोडलेली नाही. कागदावरची नऊ-साडेनऊ अब्जांची ओळ कुणीही खोडू शकतं, पण डिझाइन विभाग तिथेच राहील ही अट पाळणं मालकाच्याच फायद्याचं होतं म्हणून ती टिकली.

याचा पडताळा बघायचा असेल तर दोन ठिकाणं बघा.

पहिलं ब्रातिस्लाव्हा. फोक्सवॅगनने त्याच १९९१ मध्ये स्लोव्हाकियातला बीएझेड हा कारखानाही घेतला. तिथे ना स्वतःचा ब्रँड, ना गाडी डिझाइन करणारी टीम. तिथे पासाट जोडायला सुरुवात केली, नंतर टुआरेगसारख्या महागड्या गाड्याही, आणि खरं सांगायचं तर कारखाना जोरात चालला, आज दरडोई सर्वात जास्त गाड्या बनवणाऱ्या देशांत स्लोव्हाकियाचं नाव पहिलं येतं. त्यामुळे ‘नुसती असेंब्ली म्हणजे वाया’ असं मी म्हणणार नाही, बेकारीच्या काळात हजारो नोकऱ्या म्हणजे काही चेष्टा नाही. पण तिथे पुढचं मॉडेल काय हे ठरवणारी खोली दुसऱ्या देशात आहे, हा फरक राहतोच.

दुसरं प्लझेन, आणि हे जास्त बोलकं आहे. स्कोडा प्लझेन, म्हणजे मूळचा अवजड कारखाना. तिथे सीमेन्सशी बोलणी चालली होती, ती १९९२ मध्ये फिसकटली. मग कंपनी दिली झेक मॅनेजरला, लुबोमिर सोउडेक यांना, २० टक्के हिस्सा आणि पूर्ण सूत्रं. झेक भांडवलशाहीचा पोस्टर बॉय. दोन-तीन वर्षं वर्तमानपत्रं त्यांच्या कौतुकाने भरलेली. त्यांनी बँकांच्या कर्जावर इकडेतिकडे कंपन्या घेतल्या, ट्रक बनवणाऱ्या ताट्रा आणि लिआझसुद्धा, आणि त्या सरकारी मालकीच्या बँका विचारत नव्हत्या की परत कसं देणार. १९९९ मध्ये डोलारा कोसळला, सोउडेक गेले, लिआझचे ट्रक काही वर्षांत बंदच पडले. आणि गंमत अशी की परदेशी मालक नको म्हणून जे वाचवलं त्याचे तुकडे शेवटी परदेशी मालकांकडेच गेले, टर्बाइनचा व्यवसाय २००९ मध्ये कोरियाच्या दूसानने घेतला, अणुभट्टीच्या सामानाचा भाग काही काळ रशियन मालकाकडे होता.

कूपनवाल्यांचं काय झालं तेही थोडक्यात सांगतो. पहिल्या फेरीत ८५ लाखाच्या आसपास लोकांनी भाग घेतला, पण बहुतेकांनी आपले पॉइंट फंडांना देऊन टाकले, त्यातला सगळ्यात गाजलेला व्हिक्टर कोझेनीचा हार्वर्ड फंड, ज्याचा अमेरिकेतल्या विद्यापीठाशी काडीचा संबंध नव्हता, आणि जो दसपट परतावा देणार म्हणून जाहिरात करत होता. फंड बँकांचे, बँका सरकारच्या, कंपन्या फंडांच्या, म्हणजे विचारणारा कुणीच नाही. आतून कंपन्या पोखरून पैसा बाहेर काढायला झेक लोक ‘टनेलिंग’ म्हणायला लागले आणि हा शब्द तिथूनच अर्थशास्त्राच्या पेपरांत गेला. १९९७ मध्ये कोरुना कोसळला, वर्षाअखेर क्लाउसांचं सरकार पडलं. १९९८ मध्ये परदेशी गुंतवणुकीला सवलती देणारी योजना आली, मोठ्या बँका एकामागोमाग एक बेल्जियन, ऑस्ट्रियन, फ्रेंच बँकांना विकल्या. टोयोटा आणि प्यूजो-सित्रोएन कोलिनला आल्या, ह्युंदाई नोशोव्हित्सेला. पण तोवर पोलंड, हंगेरी पुढे गेले होते आणि गुंतवणूकदार सवलती मागायला सरावले होते, म्हणजे व्हर्बांनी जे घासून घेतलं असतं ते नंतर उलट पैसे देऊन आणावं लागलं.

विकलं, मग मिळालं काय

२००० मध्ये सरकारने उरलेले ३० टक्केही फोक्सवॅगनला विकले. कंपनी पूर्ण जर्मन झाली. २०१४ मध्ये स्कोडाने पहिल्यांदा वर्षात दहा लाखांवर गाड्या विकल्या. पावणेदोन लाखांवरून इथपर्यंत, आणि देशाच्या निर्यातीतला फार मोठा वाटा एकट्या या कंपनीचा.

या गोष्टीचा एक धागा आपल्याकडेही येतो. २००१ मध्ये स्कोडाने छत्रपती संभाजीनगरजवळ, तेव्हाच्या औरंगाबादला, शेंद्र्याला प्लँट सुरू केला आणि ऑक्टाव्हिया जोडायला घेतली, आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना सुरू झाला तेव्हा तिथून बाहेर पडलेली पहिली गाडी स्कोडाची फाबियाच होती. २०१८ मध्ये ग्रुपने भारताची जबाबदारी स्कोडाकडे दिली, एक अब्ज युरोंची योजना, त्यातूनच कुशाक आणि स्लाव्हिया आल्या. स्लाव्हिया म्हणजे १८९५ च्या त्या सायकलीचं नाव. ज्या कंपनीला १९९० मध्ये विकत घ्यायचं की बंद करायचं यावर इतरांच्या बैठका चालायच्या, ती आता पुण्यात कुठली गाडी बनवायची हे ठरवते. ब्रातिस्लाव्हाला हे काम मिळालं नाही, मिळणार पण नव्हतं.

खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे. झेक अर्थव्यवस्थेतून परदेशी मालकांकडे दरवर्षी जाणारा नफा २०१० नंतरच्या दशकात राष्ट्रीय उत्पादनाच्या पाच ते सात टक्क्यांच्या घरात होता, स्कोडाचा लाभांश त्यातला ठळक. यावर तिथे कायम वाद चालतो. एक बाजू म्हणते ही वसाहत झाली, दुसरी म्हणते गुंतवणूक केली तर नफा न्यायचाच. मला दोन्ही अर्धवट वाटतात, कारण नफा नेण्यापेक्षा मोठा प्रश्न आहे की पुढची गाडी कुठे बनवायची हे कोण ठरवतो. २०१७ मध्ये बातम्या आल्या की फोक्सवॅगनमधले काही लोक तक्रार करतायत की स्कोडा आमचंच तंत्रज्ञान वापरून आमच्याच गाड्यांना स्वस्तात टक्कर देते, तिने तंत्रज्ञानासाठी जास्त पैसे मोजावेत आणि थोडं उत्पादन जर्मनीत हलवावं. म्हणजे विद्यार्थी फार हुशार निघाला ही तक्रार! प्रागमध्ये पळापळ झाली, पंतप्रधानांनी कंपनीच्या लोकांशी बोलणी केली. तेव्हा सरकारकडे स्कोडाचा एकही शेअर नव्हता आणि बोर्डावर एकही माणूस नव्हता, हातात होतं ते फक्त रस्ते, कर आणि आग्रह.

त्यानंतरचं मोठं प्रकरण बॅटरीचं. विजेच्या गाड्यांसाठी फोक्सवॅगन मध्य आणि पूर्व युरोपात मोठा बॅटरी कारखाना काढणार होती आणि झेक सरकारने तो आपल्याकडे यावा म्हणून जंग जंग पछाडलं. जागा सुचवली लिनेची, प्लझेनजवळचा जुना लष्करी विमानतळ. गावकऱ्यांचा विरोध होता, सार्वमताची भाषा झाली, तरी सरकार पुढे रेटत राहिलं कारण सगळा गाड्यांचा उद्योग पेट्रोल-डिझेलच्या इंजिनांवर उभा आहे आणि ते बंद होणार हे दिसत होतं. पोलंड आणि हंगेरीही त्याच कारखान्याच्या मागे होते, हे वोल्फ्सबर्गला चांगलंच माहीत होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये फोक्सवॅगनने सांगितलं की युरोपात विजेच्या गाड्यांची मागणी मंदावली आहे, सध्या नवीन बॅटरी कारखान्याच्या जागेचा निर्णय घेण्याचं काही कारण नाही. पंतप्रधान पेत्र फियाला यांनी जाहीर केलं की आम्ही आणखी थांबू शकत नाही, लिनेच्या जागेसाठी दुसरे गुंतवणूकदार शोधू.